मादाम सोलांज आणि खोडलेली चौदा पानं

मादाम सोलांज यांनी पाच वर्षांत मला एकदाही ‘छान’ म्हटलं नाही. फारच खूश झाल्या तर ‘पा माल’ म्हणायच्या. म्हणजे ‘वाईट नाही’. एकदा मी आठवडाभर खपून जुन्या मासिकांची अख्खी भिंत तारखेवार लावली, कमरेचा काटा ढिला करून घेतला, आणि बाईंनी कपाटांसमोरून सावकाश एक फेरी मारून काय म्हणावं? “पा माल, मादाम शर्ली.” घरी येऊन मी नवऱ्यापुढे चरफडले, “जॉनी, ही फ्रेंच बाई फार शिष्ट आहे रे.” पुढे केव्हातरी इस्पितळातल्या एका फ्रेंच नर्सने सांगितलं, की त्यांच्याकडे याच्यावर कौतुक नसतं. तोवर मी मनातल्या मनात बाईंशी दोन वर्षं भांडून घेतलं होतं.

दोहातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या मेडिकल लायब्ररीत त्या प्रमुख होत्या आणि मी असिस्टंट. मी वसईची, लग्नानंतर इथे आलेली. जॉनी मेसईदच्या खताच्या कारखान्यात, कंपनीच्या बसने जाऊन-येऊन. आणि मी अल अझीझियातल्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलत बसलेली. लायब्ररीची डिग्री बॅगेच्या तळाशी होती, ती काढली आणि अर्ज केला. इंटरव्ह्यूला मादाम माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या उजव्या कानामागच्या कपाटाकडे बघून प्रश्न विचारत होत्या. मी दोनदा वळून पाहिलं, मागे कोणी उभं आहे की काय. नोकरी गेलीच असं धरून मी बाहेर पडले, तर दुसऱ्या दिवशी फोन आला. “रविवारपासून या. येताना स्वेटर आणा.”

स्वेटर कशाला, ते पहिल्याच दिवशी कळलं. लायब्ररीचा एसी पुस्तकांना मानवेल असा लावलेला असायचा, माणसांना नाही. बाहेर ऊन डोकं फोडतंय आणि आत आम्ही कानाला मफलर गुंडाळून बसलोय, असा थाट. कोणी डॉक्टर कुरकुरला तर मादाम म्हणायच्या, “तुम्ही अर्ध्या तासाने जाल. ही इथेच राहणार आहेत.”

ठेंगणी मूर्ती, पांढरे कातरलेले केस आणि गुडघ्यापर्यंतचा करडा सुती कोट. त्या कोटाच्या खिशात भिंग, मऊ ब्रश, पेन्सिल आणि खोडरबर. पेन नाही. वाचनकक्षात पेन घेऊन येणाऱ्याकडे त्या अशा बघायच्या, जणू तो चपला घालून चर्चच्या वेदीवर चढलाय. सगळ्यांना मादाम नाहीतर मस्यू. डायरेक्टर मस्यू, आणि दहा वाजता करक चहा घेऊन येणारे मलबारी काकाही मस्यूच. काम सुरू करताना “यल्ला” म्हणायचं आणि दार ओढून घेताना “खलास”. एवढंच अरबी त्यांना येत होतं, पण ते दोन शब्द त्या इतक्या नाजूकपणे म्हणायच्या की अरबांनाही ते फ्रेंच वाटायचे.

परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या उलटं धरून हळूच झटकायच्या. त्यातून काय काय पडायचं! बोर्डिंग पास, लाँड्रीची चिठ्ठी, एकदा तर कोणा बापाला लेकीने काढून दिलेलं उंटाचं चित्र. ते सगळं पाकिटात घालून, कुठल्या पुस्तकात सापडलं ते वर लिहून, त्या जपून ठेवायच्या. मी म्हटलं, “मादाम, हा कचरा आहे.” त्या म्हणाल्या, “शंभर वर्षांपूर्वीचा असता तर तुम्ही हातमोजे घालून उचलला असता.”

त्या नुसत्या लायब्रेरियन नव्हत्या. वैद्यकाचा इतिहास लिहीत होत्या. पण त्यांच्या इतिहासात मोठे डॉक्टर जाता-येता डोकावून जात, शेजारच्या बिऱ्हाडातले असावेत तसे. “हा हुशार होता, पण आपल्या मदतनिसाशी फार वाईट वागायचा,” असं त्या दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाबद्दल करवादून सांगायच्या. त्यांना रस होता तो भांडी उकळणाऱ्यांत, पट्ट्या बांधणाऱ्यांत, दिवा धरून उभ्या राहिलेल्यांत.

एकदा एक तरुण सर्जन आला. त्याला प्रेझेंटेशनसाठी जुन्या शस्त्रक्रियेचं एक चित्र हवं होतं. घाईत होता, घड्याळ बघत होता. मादामनी चित्र समोर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून विचारलं, “रोग्याचे खांदे धरून ठेवलेत ती बाई कोण?”

“मॅडम, आय डोन्ट नो. चित्राखाली फक्त डॉक्टरचं नाव आहे.”

“मग शोधा. निदान शोधून सापडलं नाही एवढं तरी मला येऊन सांगा. मग चित्र देते.”

बिचारा तणतणत गेला. आठ दिवसांनी परत आला तो तीन पानं टिपणं घेऊन. ती बाई त्या इस्पितळाची धोबीण होती. प्रेझेंटेशनमध्ये म्हणे त्याने तिच्यावर वेगळी स्लाइड केली. मादामनी त्याला करक पाजला. ‘अज्ञात’ हा शब्द त्यांना अजिबात खपायचा नाही. “अज्ञात म्हणजे कोणीतरी शोधायचा कंटाळा केला,” असं त्यांचं म्हणणं.

त्या माणसांच्या बाजूला का बघतात, ते मला वर्षभराने समजलं. एक दिवस चहाचा कप त्यांनी टेबलाच्या बाहेर ठेवला. कप फुटला. मी काचा गोळा करत असताना त्या शांतपणे म्हणाल्या, “दार लावा.” मग सांगितलं. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत होता. समोर पाहिलं की समोरचंच दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. म्हणून ज्याला बघायचं त्याच्या जरा बाजूला नजर लावायची. “डॉक्टर म्हणतो, मधलं जाईल, कडेचं राहील. मी म्हटलं, मग माझं काम चालू राहील.” आणि हसल्या. मला हसू आलं नाही. ऑफिसात कोणाला सांगायचं नाही, असं मला बजावून त्या पुन्हा कामाला लागल्या. त्या दिवसापासून बारीक अक्षर मी वाचून दाखवायला लागले.

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं, तेव्हा कतारच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या दुखानहून एक खोकं आलं. तिथल्या तेलकंपनीच्या जुन्या दवाखान्याचं स्टोअर रिकामं करताना सापडलेले कागद होते. वर इंग्रजी फॉर्म, पावत्या, आणि तळाशी एक जाड पुठ्ठ्याची वही. मादामनी ती उघडली, नाकाजवळ नेली, लांब धरली. मग माझ्याकडे सरकवली. “ही कोणती लिपी?”

मी बघतच राहिले. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘ड्रिलिंगवरचा करीम. डाव्या हाताची दोन बोटे चेपली. धुऊन पट्टी. रडला नाही.’

“मादाम, ही मराठी आहे. माझी भाषा.”

मादामनी मला खुर्चीत बसवलं, आणि स्वतः उभ्या राहिल्या. असं त्यांनी डायरेक्टरसाठीही कधी केलं नव्हतं. “यल्ला,” त्या म्हणाल्या. “वाचा.”

तेल निघायला लागलं त्या सुरुवातीच्या वर्षांतली वही होती. कंपनीचं रजिस्टर इंग्रजीत असणार. ही कंपाउंडरने स्वतःसाठी ठेवलेली. उन्हाने चक्कर आलेले, विंचू चावलेले, पोट बिघडलेले. बलुची, इराणी, इथले भटके बदू, आपले मद्रासी. प्रत्येकाचं नाव आणि पुढे दोन ओळी. ‘हसन. ताप उतरला, पण जेवत नाही. घरची आठवण.’ या घरच्या आठवणीवर औषध काय दिलं, ते लिहिलेलं नव्हतं.

शंभरावर माणसांची नावं लिहिली होती, फक्त लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव कुठेही लिहिलं नव्हतं. मादामनी माझ्याकडून वही तीनदा उलटसुलट करून घेतली. त्यांच्या पुस्तकातलं दुखानचं प्रकरण अडलं होतं ते नेमकं याच माणसापाशी. पुस्तक मे महिन्याच्या अखेरीस फ्रान्सला प्रकाशकाकडे जायचं होतं आणि जूनमध्ये त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. वयाच्या नियमामुळे ते वाढणार नव्हतं. “नाव मिळालं नाही तर हे प्रकरण मी काढून टाकीन,” त्या म्हणाल्या. “ज्याने सगळ्यांची नावं लिहिली, त्याला मी ‘एक भारतीय कंपाउंडर’ म्हणणार नाही.”

आणि नेमकी इथेच मी माती खाल्ली.

वही स्कॅन करायची होती. मादामनी खिशातलं खोडरबर काढून दिलं आणि सांगितलं, “समासातला मळ, बोटांचे डाग हलक्या हाताने काढा.” मी स्वच्छतेत पक्की, सासूबाईसुद्धा माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवू शकल्या नाहीत. एका दुपारी मी चौदा पानं लख्ख केली. काही नावांच्या आधी पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, तेही साफ केले. पंधराव्या पानावर आले आणि हात थांबला. ठिपके कसेही पडलेले नव्हते. प्रत्येक ठिपका नावाच्या बरोबर आधी, एका रेषेत, गोल आणि जपून दिलेला. काही नावांना होता, काहींना नव्हता. ते डाग नव्हतेच. त्या माणसाने मुद्दाम दिलेली टिंबं होती, आणि चौदा पानांवरची टिंबं मी रबराच्या भुग्याबरोबर फुंकून टाकली होती. कागदावर ओरखडासुद्धा उरला नव्हता.

दोन दिवस मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर गप्पच राहायचा विचार होता. मादामना टिंबं दिसणं शक्यच नव्हतं. मी बोलले नसते तर खोडलेली टिंबं जगात कोणालाच कळली नसती. जॉनीला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, डॉट्सच तर होते! त्यात काय एवढं? कॉन्ट्रॅक्ट संपेल, त्या जातील, खलास.” करीमच्या नावाआधी टिंब होतं की नव्हतं, ते आठवायचा प्रयत्न करत मी रात्र काढली.

तिसऱ्या दिवशी त्या चहा पीत असताना सगळं सांगून टाकलं. मादामनी हाताने चाचपत कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, “कार्ड आणा.” कॉम्प्युटर असला तरी महत्त्वाच्या गोष्टींसाठी त्या जुन्या पद्धतीचं जाड कार्ड ठेवायच्या. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: वही, दुखान, मराठी. लेखक, आणि पुढे जागा मोकळी. त्याखाली: ‘पाने एक ते चौदा. नावांआधीची पेन्सिलीची टिंबे लायब्ररीत खोडली गेली. खोडणाऱ्याचे नाव’, आणि पुन्हा मोकळी जागा.

“मादाम, हेसुद्धा लिहायचं?”

“आपल्या हातून जे होतं तेही त्या वहीच्या आयुष्यातच झालेलं असतं. पुढच्या माणसाला वाटायला नको की तिथे काही नव्हतंच.” त्यांनी कार्ड खिशात घातलं. “तुमचं नाव नंतर बघू. आधी त्याचं शोधू.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मग मी वही पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतली, या वेळी एकेक शब्द थांबून. आणि मागच्या एका पानावर, औषधांच्या यादीखाली, एक ओळ सापडली: ‘घरून सुकेळी आली. वॉर्डात सगळ्यांना वाटली.’

मी खुर्चीतून उठलेच. राजेळी केळी उन्हात वाळवून, सुकलेल्या पानात बांधून सुकेळी करतात ती आमच्याकडे, वसईत. म्हणजे कंपाउंडर माझ्याच गावाकडचा! मादामना सुकेळी म्हणजे काय ते समजावताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी ताबडतोब तो शब्द टिपून घ्यायला लावला, कृतीसकट.

मी पप्पांना फोन केला. पप्पांनी रविवारच्या मिसानंतर चर्चच्या आवारात म्हाताऱ्या मंडळींना विचारायला सुरुवात केली: फार पूर्वी तेलकंपनीत कंपाउंडर म्हणून कोण गेलं होतं? तीन रविवार कोरडे गेले. चौथ्या रविवारी त्यांनी आगाशीच्या कतरीन आजींच्या घरून व्हिडिओ कॉल लावला. नव्वदीला टेकलेल्या आजी, कानाला फोन लावूनच बोलत होत्या, त्यामुळे मला नुसता कान दिसत होता.

“आजी, तुमचे बाबा दुखानला होते का?”

“होते ना बाय! इनास कंपाउंडर म्हणायचे त्यांना. इनास लोपीस. माझी आय सुकेळी पाठवायची, बोटीवरच्या माणसाबरोबर. बाबा लिहायचे, एक तुकडा मिळाला मला, बाकी पोरांनी खाल्ली.”

माझे डोळे भरून आले. मग भीत भीत विचारलं, “आजी, ते वहीत नावांच्या आधी पेन्सिलीनं टिंब द्यायचे. ते कशाला, आठवतं का?”

“ते व्हय? ते पत्राचं. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची घरची पत्रं बाबा लिहून द्यायचे. ज्याचं पत्र गेलं त्याला टिंब. इकडे परत आल्यावरसुद्धा दवाखान्याच्या वहीत तसंच. आम्ही पोरं टिंबं मोजायचो.” मग म्हणाल्या, “औषध शाईनं लिहायचे. ते कंपनीचं काम. पत्र आपलं, म्हणून पेन्सिलीनं.”

फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. चौदा पानांतल्या कोणाकोणाची पत्रं घरी पोचली होती, ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

मादामनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता प्रकरण पूर्ण झालं. पण त्या म्हणाल्या, “त्याचं हस्ताक्षर मागवा.” आजींकडे एक प्रार्थनेचं पुस्तक होतं, त्याच्या पहिल्या पानावर बाबांनी मुलांच्या जन्माची नोंद केलेली. पप्पांनी फोटो पाठवला. मादामनी भिंग लावलं, नजर बाजूला नेली, मान तिरकी केली, आणि भिंग खाली ठेवलं. त्यांना काही दिसलं नव्हतं.

“तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या. “तोच आहे?”

मी तासभर अक्षरं ताडून पाहिली. ‘ख’चा पाय तसाच पुढे ओढलेला, ‘र’ तसाच डोकं वर काढलेला. “तोच आहे, मादाम.”

“ठीक. तुमच्या डोळ्यांच्या भरवशावर मी त्याचं नाव पुस्तकात लिहिते.”

“एवढा विश्वास?”

“टिंबांचं तुम्ही लपवलं असतं तरी मला कळलं नसतं. म्हणून,” त्या म्हणाल्या आणि ब्रश घेऊन दुसऱ्या पुस्तकाची धूळ झाडायला लागल्या.

पुस्तक मेअखेरीस गेलं. प्रकरणाच्या डोक्यावर इनास लोपीस यांचं नाव होतं. मी कतरीन आजींना फोन केला, तेव्हा त्यांनी विचारलं, “त्यात सुकेळीचं आहे का?” आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

शेवटच्या दिवशी मादामनी करडा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला. खिशातून ते कार्ड काढून माझ्या हातात दिलं. “वाचा.”

मी वाचलं. लेखक: इनास लोपीस, कंपाउंडर, दुखान, मूळ गाव आगाशी, वसई. टिंबांचा अर्थ. पाने एक ते चौदा. हे सगळं माझ्याच अक्षरात होतं, नाव पक्कं झालं त्या दिवशी मादामनी लिहून घेतलेलं. पण ‘खोडणाऱ्याचे नाव’ याच्यापुढे मोठी, वेडीवाकडी, ओळ सोडून खाली घसरत गेलेली अक्षरं होती. मादामनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.

“मादाम, हे खरं नाही. रबर माझ्या हातात होतं.”

“रबर मी दिलं होतं. वही आधी तपासायची ती मी. मला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे मी नोकरीसाठी लपवत होते. तुम्ही दोन दिवस लपवलंत, मी पाच वर्षं.” त्यांनी दिवा बंद केला. “खलास.”

त्यांच्यापुढे बोलण्यात काही अर्थ नसायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर लायब्ररीत गेले, कार्डांचा ड्रॉवर उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत पेन काढलं.

संध्याकाळी जॉनीने आम्हाला एअरपोर्टला सोडलं. मादामजवळ एकच बॅग होती आणि हातात सुकेळीचं पुडकं, पप्पांनी कोणाबरोबर तरी पाठवलेलं. व्हीलचेअर घ्या म्हटलं तर त्यांनी मला असं काही सुनावलं की मी ट्रॉली पुढे केली. आत जायच्या दारापाशी त्यांनी माझे दोन्ही गाल गालांना लावले आणि निघाल्या. दहा पावलं गेल्यावर मला राहवलं नाही.

“मादाम! मी कार्ड दुरुस्त केलंय. तुमच्या नावाखाली माझं नाव लिहिलंय. शाईनं.”

त्या थांबल्या. ट्रॉली सोडून वळल्या आणि माझ्या डावीकडच्या खांबाकडे एकटक बघत उभ्या राहिल्या. त्या खांबावर कसलीशी परफ्यूमची जाहिरात होती. लोक त्यांना वळसा घालून जात होते, एकाने तर वळून तो खांबही पाहिला. बाईंना इथून जाताना त्या जाहिरातीत एवढं काय दिसतंय, असं त्याला वाटलं असणार. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. कडेच्या उरल्यासुरल्या नजरेने, डोळे भरून, नीट बघून घेत होत्या.

“पा माल, मादाम शर्ली,” त्या म्हणाल्या.